लाल टोपीचा न्हावी आणि हळदीचं बोट

ती घटना आठवली की मला आधी नाकं आठवतात. रांगेत बसलेल्या माणसांची कापलेली नाकं. घाबरू नका, खुनाची गोष्ट नाही. खून, दरोडे माझ्या नोकरीत पुष्कळ झाले, पण "साहेब, एखादी केस सांगा" असं कोणी म्हटलं की मला हीच सांगावीशी वाटते. यात रक्ताचा थेंब सांडला नाही. एका चांगल्या मुलीच्या नावाची माती व्हायची मात्र थोडक्यात टळली.

दोन हजार चार-पाचचा सुमार असेल. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका जुन्या संस्थानी गावात मी पोलीस निरीक्षक होतो. गावाचं नाव सांगत नाही, माणसांची तर नाहीच. गावात शंभरी उलटलेलं वाचनालय होतं. त्याचे चिटणीस म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. एका सकाळी हजेरी चालू असताना ते ठाण्यात आले, तर ठाणे अंमलदार ताडकन उठून उभा राहिला. लहानपणी त्याने त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या होत्या. साहेब आले तर इतक्या चपळाईने उठत नाही, हे मी मनात नोंदवून ठेवलं.

चिटणिसांची फिर्याद अशी. संस्थानिकांनी वाचनालयाला दिलेला जुन्या इंग्रजी व्यंगचित्रांचा एक अल्बम होता. फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, राजाचं डोकं उडालं, तेव्हा लंडनमधल्या चित्रकारांनी क्रांतिकारकांची टर उडवणारी चित्रं काढली. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, वर हाताने रंगवलेली. त्या अल्बममधलं न्हाव्याच्या दुकानाचं एक पान कोणीतरी पात्याने कापून नेलं होतं.

"कोणी नेलं असेल, काही अंदाज?" मी सवयीने विचारलं.

"अंदाज कशाला? नावच देतो," चिटणीस म्हणाले.

नाव होतं गावातल्याच एका मुलीचं. ती पुण्यात शिकली, मग याच चित्रांवर संशोधन करायला नेदरलँड्समध्ये मास्ट्रिख्टच्या विद्यापीठात गेली. जाण्याआधीचा उन्हाळा तिने वाचनालयात अल्बम उघडून काढला होता. तिच्याआधी कित्येक वर्षं त्या अल्बमला कोणी हात लावला नव्हता. आणि आता तिनेच चिटणिसांना ईमेल पाठवला होता. चिटणिसांनी त्याची छापील प्रत माझ्यापुढे ठेवली. लिहिलं होतं, "सर, आपला न्हावी इथल्या एका दुकानात दिसला. आपला नसेल तर बरंच, पण एकदा कपाट उघडून बघा."

"बघा म्हणजे झालं," चिटणीस म्हणाले. "स्वतःच न्यायचं, स्वतःच विकायचं, आणि वर कांगावा करायचा."

फिर्याद नोंदवली. कलम ३८०, इमारतीतल्या चोरीचं. पण आमच्या धंद्यातलं एक निरीक्षण सांगतो. सामान्य माणूस चोरी झाली म्हणून येतो तेव्हा भांबावलेला असतो, काय गेलं हेच त्याला धड सांगता येत नाही. जो चोराचं नावगाव हातात घेऊन येतो तो पोलिसांचे कष्ट वाचवतो, आणि आमचे कष्ट कोणी फुकट वाचवत नाही. तरीही पुरावा मुलीच्या विरुद्धच होता. अल्बम तिनेच हाताळलेला, आणि चित्र ती राहते त्याच गावात विकायला.

चार दिवसांनी ठाणे अंमलदार आत आला. "साहेब, कोणी मास्तरीण बाई बोलतायत. मास्तरकीतून बोलते म्हणाल्या."

मास्ट्रिख्ट या शब्दाची त्याने अशी वाट लावली होती. फोनवर तीच मुलगी होती. आवाजात घाई होती. "साहेब, मी सरांना लिहिलं, पण त्यांचं उत्तर नाही. ते चित्र विकलं जाईल हो. एकदा कोणाच्या घरात गेलं की परत दिसणार नाही. तुम्ही इथल्या पोलिसांना काही कळवू शकता का?"

फिर्यादीत आपलंच नाव आहे हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. दुकानाचा पत्ता लिहून घेतला. मुद्देमाल लवकर जप्त करा म्हणून मागे लागलेला संशयित मी तोवर पाहिला नव्हता.

पोलीस अधीक्षकांचं मत वेगळं होतं. "नाव आहे ना फिर्यादीत? विमानतळांना कळवा. आली की उचला." मी मुदत मागितली. दिल्लीमार्फत तिकडच्या पोलिसांना कळवून चित्र त्यांच्या ताब्यात ठेवायची व्यवस्था झाली. मग न्यायालयाचं विनंतीपत्र, मंत्रालयातल्या फायलींचा प्रवास, आणि इंग्रजी बरं म्हणून माझी निवड. हे सगळं होईतो पावसाळा सरला. नवरात्राच्या तोंडावर मी मास्ट्रिख्टच्या स्टेशनवर उतरलो, अंगात बायकोने विणलेला लोकरीचा स्वेटर, बॅगेत दोनच चांगले पांढरे शर्ट. या शर्टांचा पुढे संबंध आहे म्हणून सांगतो.

तिकडची तपास अधिकारी एक पन्नाशीची बाई होती. पदाने माझ्याएवढी. मला घ्यायला गाडी येईल असं वाटलं होतं. ती स्वतः सायकलवर आली आणि ठाण्यापर्यंत सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत निघाली. ठाण्यात शिरलो तर तिला पाहून कोणी उठलं नाही. न राहवून मी विचारलं, तर ती म्हणाली, "उभं राहिल्याने काम लवकर होतं का?" मला माझा ठाणे अंमलदार आठवला.

तिने मला आधीच नियम सांगितला. "इथे प्रश्न मी विचारणार. तुमचे प्रश्न मला लिहून द्यायचे. आणि ती आरोपी नाही. माझ्या खोलीत तो शब्द वापरायचा नाही."

पहिल्यांदा राग आला. इतकी वर्षं माणसं बोलती केली, आणि आता प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायचे! पण दोन दिवसांत त्या बाईबद्दल माझं मत पार बदललं. ती आवाज चढवत नसे. विचारलेला प्रश्न पुन्हा वेगळ्या शब्दांत विचारत नसे. उत्तर येईपर्यंत शांत बसून राही, आणि समोरचा माणूस ती शांतता भरून काढायला आपणहून बोलू लागे. टेबलावर हात आपटणाऱ्या माझ्या कित्येक सहकाऱ्यांना मी तिच्याकडे शिकवणीला पाठवलं असतं.

मुलगी आली. पावसात सायकल चालवून आल्याने केस ओले होते. मला पाहून तिने हात जोडले. "नमस्कार साहेब. तुम्ही आलात, बरं वाटलं."

"बसा," मी म्हणालो. तेवढंच बोलायची मुभा होती.

एव्हाना तिला सगळं कळलं होतं. विद्यापीठाने प्रकरण मिटेपर्यंत जुन्या कागदपत्रांच्या दालनात जाऊ नका असं सांगितलं होतं. ज्या मुलीचं काम जुन्या कागदांवर, तिला कागदांपासूनच तोडलं. राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण अडकलं होतं. परवाना गेला तर परत यावं लागणार, आणि विमानतळावर उतरताच आमच्या ताब्यात. हे सगळं तिने बाईंच्या प्रश्नांना उत्तर देताना इंग्रजीत नीट सांगितलं. फक्त एक वाक्य ती माझ्याकडे वळून मराठीत बोलली.

"साहेब, बाबा रोज सकाळी वाचनालयात पेपर वाचायला जायचे. आता जात नाहीत. कोणी काही बोललं नाही हो त्यांना. नुसतं त्यांच्या बाकावर कोणी शेजारी बसेना."

बाईंनी भाषांतर मागितलं. मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं नाही, पण उठून मुलीला पुन्हा कॉफी आणून दिली.

मग ते चित्र टेबलावर आणलं गेलं.

मी कलेतला माणूस नाही. आमच्या घरी भिंतीवर कॅलेंडर सोडून काही टांगलेलं नसतं. पण ते चित्र पाहिलं आणि मी ड्युटीवर आहे हे क्षणभर विसरलो. एक न्हाव्याचं दुकान. क्रांतिकारकांची लाल टोपी घातलेला, हाडकुळा, फाटक्या कपड्यांतला न्हावी. खुर्च्यांवर रांगेने बसलेले लोक: एक सरदार, एक धर्मगुरू, एक पाववाला, एक म्हातारी. न्हावी एकेकाचं नाक सारख्या मापाचं करत निघालाय. एका हातात वस्तरा, दुसऱ्या हातात शिंप्याची फूटपट्टी. वर पाटी, इथे समता मिळेल. सरदार रडतोय, पाववाला खूश आहे, कारण त्याला अजून कळलेलंच नाही. खालच्या उजव्या कोपऱ्यात एक कुत्रं कापलेलं नाक तोंडात धरून पळतंय, आणि त्याच्या जबड्याखाली दोन लाल थेंब.

"न्हाव्याचं स्वतःचं नाक बघा," मुलगी म्हणाली. तिचा चेहरा एकदम वेगळाच झाला होता. "सगळ्यांत लांब तेच आहे. त्याने ते मोजलेलंच नाही. आणि आता मागचा आरसा बघा."

आरशात खिडकीबाहेरचे दोन जाडजूड इंग्रज दिसत होते. भारी कोट, केसांचे टोप. दोघांनी आपापलं नाक हाताने झाकून धरलं होतं.

"हे इंग्रज सरकारातले बडे लोक," ती म्हणाली. "चित्रकार यांच्याच बाजूचा. क्रांती त्याला नकोच होती. पण आपल्या बाजूचे लोक किती घाबरलेत, तेही त्याने काढून ठेवलं. लंडनमध्ये दुकानाच्या काचेला अशी चित्रं लावायचे आणि रस्त्यात गर्दी व्हायची. ज्यांची टिंगल केली तेही त्या गर्दीत असणार ना, साहेब?"

डच बाई चित्रावर वाकल्या होत्या. "हा न्हावी आमच्या गावातही येऊन गेला," त्या म्हणाल्या. "फ्रेंच सैन्याने मास्ट्रिख्ट घेतलं तेव्हा. माझी आजी सांगायची, चर्चमधल्या घंटा काढून नेल्या." दोनशे वर्षांपूर्वीची तक्रार त्या बाईच्या घरात अजून निकाली निघाली नव्हती.

मी मात्र त्या चित्रकाराचा विचार करत होतो. मी सगळी हयात सरकारच्या बाजूने काढलेला माणूस. दंगल, मोर्चे, लाल झेंडे, सगळ्यांच्या समोर उभा राहिलेला. म्हणजे हा माझ्याच गोटातला. पण आपल्याच साहेबांनी नाक झाकलेलं काढायची छाती माझ्यात कधी आली नसती. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनोळखी माणसाला मी मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला.

आणि तेवढ्यात मुलगी म्हणाली, "साहेब, हे थेंब त्याने काढलेले नाहीत."

"कोणते?" बाईंनी विचारलं.

"कुत्र्याच्या तोंडाखालचे. मी हे चित्र पूर्ण उन्हाळा बघितलंय. इथे काही नव्हतं. दुकानदाराने रंग लावला असणार."

आम्ही दुकानदाराकडे गेलो. नदीकाठच्या गल्लीत त्याचं छोटं दुकान होतं. म्हातारा, सुसंस्कृत, आणि चोरीच्या मालाच्या कल्पनेनेच अर्धमेला झालेला. रंग लावल्याचा आरोप ऐकून तो उखडला. "थेंब आधीपासून होते. फिकट होते. कागद धुऊन घेतल्यावर छान उठून दिसायला लागले इतकंच." जुना कागद आंबट होऊन पिवळा पडतो, म्हणून तो चुन्याच्या निवळीसारख्या पाण्यात धुऊन घेतात, असं त्याने समजावलं.

चित्र विकणाऱ्याने फक्त ईमेलवर व्यवहार केला होता, नाव अर्थातच खोटं. प्रत्यक्षात एक तरुण भारतीय माणूस जानेवारीत येऊन गुंडाळी देऊन गेला होता. त्याचा पत्ता? माहीत नाही. गुंडाळी कशात होती? म्हातारा चमकला, आम्हाला मागच्या खोलीत घेऊन गेला. "ह्यात. मला आवडलं म्हणून ठेवलं."

त्या खोलीत, जुन्या डच नकाशांच्या शेजारी, खिळ्याला आमच्या गावच्या पतपेढीचं मराठी कॅलेंडर टांगलेलं होतं. एकादशी, संकष्टी, अमावास्या, सगळं तारखांसकट. खाली पतपेढीची जाहिरात आणि संचालक मंडळाचे फोटो. मास्ट्रिख्टमधल्या त्या खोलीत आमच्या पतपेढीचे अध्यक्ष मला नमस्कार करत होते. मला हसू आवरेना. बाई मला वेड लागलं की काय म्हणून बघत राहिल्या.

कॅलेंडरं दिवाळीनंतर छापून येतात. मुलगी गणपतीच्याही आधी इथे आलेली. म्हणजे ही गुंडाळी तिच्यामागून, गावातून निघाली होती. मी रात्रीच अधीक्षकांना फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकलं. "तिचा साथीदार गावात असेल. तिने चित्र कापून त्याच्याकडे ठेवलं, त्याने मागाहून पाठवलं. पुढे?" पुढे काही नव्हतं. त्यांचं म्हणणं बरोबर होतं.

आता परदेशातल्या आपल्या माणसांची एक रीत. कोणी भारतातून येतंय असं कळलं की त्याच्या बॅगेवर सगळ्या नातेवाइकांचा हक्क लागतो. मसाले, पापड, देवाचा प्रसाद, आणि डिसेंबर-जानेवारीत हमखास कॅलेंडर, कारण चतुर्थी कधी हे डच कॅलेंडरात सापडत नाही. मी अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी मंडळाच्या माणसाला फोन करून विचारलं, आमच्या गावचं कोणी आहे का तुमच्यात? होता. आयटीतला एक तरुण, बायको आणि लहान मुलीसह राहणारा. बाई आणि मी आगगाडीने देश ओलांडून त्याच्याकडे गेलो.

त्याने दार उघडलं आणि पोलीस म्हटल्यावर त्याचा रंगच उतरला. "सर, माझं परमिट वगैरे सगळं क्लिअर आहे हो. गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, रजिस्ट्रेशनपण केलंय." मी कॅलेंडरचं विचारलं. तो गोंधळला. "ती कॅलेंडरं? हो, मीच आणली. सरांनी दिली होती. चिटणीस सर. माझे हेडमास्तर होते ते. म्हणाले, एक तुला, एक मास्ट्रिख्टच्या त्या म्हाताऱ्याला नेऊन दे, त्याला आपल्या संस्कृतीत इंटरेस्ट आहे. सरांना नाही कसं म्हणणार? मी उघडूनपण नाही बघितलं."

बघितलं असतं तरी काय कळणार होतं. हेडमास्तरांनी दिलेली गुंडाळी उघडणारा विद्यार्थी आमच्या भागात जन्माला यायचाय. बाईंनी त्याचा जबाब लिहून घेतला. पण तोही पुरता पुरावा नव्हता. मी फक्त कॅलेंडर दिलं, चित्र मधे कोणी घातलं मला ठाऊक नाही, असं चिटणीस म्हणू शकत होते. एका विद्यार्थ्याच्या शब्दावर मुख्याध्यापक अडकत नाहीत.

नवरात्र चालू होतं. त्याच्या बायकोने जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. बाईंना वाटलं ही लाच आहे की काय, पण मी समजावलं. वरण-भात, बटाट्याची भाजी. बाई चमच्याने, मी हाताने. परतीची गाडी गाठायच्या घाईत वाटी कलंडली आणि वरण माझ्या शर्टावर. दुसरा शर्ट आधीच मळका. मी न्हाणीघरात जाऊन साबण चोळला. आयुष्यभर शर्ट बायकोने धुतले, त्याचं फळ मिळालं: पिवळा डाग लालभडक झाला. छातीवर गोळी लागल्यासारखा मी बाहेर आलो. बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या.

घरातली मुलगी, पाचेक वर्षांची, डचमध्ये किंचाळली. तिची आई हसायला लागली. "काका, साबण लावलात ना? अहो, हळद आहे ती, साबणाने लालच होणार. थांबा, लिंबू देते."

तिने लिंबाची फोड चोळली. लाल डाग माझ्या डोळ्यांसमोर पुन्हा पिवळा झाला.

मला कुत्र्याच्या जबड्याखालचे ते दोन थेंब दिसत होते. शेजारी-शेजारी, एकाच मापाचे. रक्ताचे थेंब असे कधी पडतात का? पण बोट टेकवून लावलेलं हळद-कुंकू असंच दिसतं. आधी हळदीचं बोट, शेजारी कुंकवाचं. आणि साबणासारखीच चुन्याच्या निवळीतही हळद लाल होते.

परतीच्या गाडीत मी बाईंना सगळं समजावत होतो. पुस्तकांची पूजा करतात हे त्यांना पटायला वेळ लागला. "या व्यंगचित्राची पूजा?" त्यांनी दोनदा विचारलं. "न्हाव्याची?" मी म्हटलं, विद्येची. वर्षातून एक दिवस, दसऱ्याला. आमच्या ठाण्यात त्याच दिवशी बंदुकांना हळद-कुंकू वाहतात.

मुलीला बोलावलं. बाईंनी विचारलं, वाचनालयात दसऱ्याला या अल्बमची पूजा व्हायची का?

"कधीच नाही," ती म्हणाली. "सरस्वतीचा फोटो, पोथ्या आणि मराठी पुस्तकं मांडायचे. अल्बम कपाटातच असायचा, किल्ली सरांकडे." आणि मग तिचे डोळे मोठे झाले. तिला कळलं होतं: ही बोटं ती गेल्यानंतरच्या दसऱ्याची असली, तर तोवर पान अल्बममध्येच होतं.

चित्र धुणाऱ्या कारागिराला बोलावून घेतलं. दुकानदार, मुलगी, तिचा वकील, सगळे टेबलाभोवती. कारागिराने काडीला कापूस गुंडाळला, पाण्यात थोडं व्हिनेगर घातलं आणि दोन थेंबांपैकी विटकरी दिसणाऱ्या थेंबाच्या कडेला टेकवलं. लाल कडा फिकी झाली, नारिंगी झाली, आणि मग तिथे स्वच्छ पिवळा रंग उमलला. दुसरा थेंब लालच राहिला.

मुलीने तोंडावर हात धरला. "हळद," ती म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली. मी नियम मोडला. "अगं रडतेस कशाला? सुटलीस तू," असं मराठीत म्हणालो. बाईंनी भाषांतर मागितलं नाही.

गावी परतल्यावर मी चिटणिसांना चौकशीला बोलावलं. खुर्ची दिली, चहा मागवला, जबाब लिहायला हवालदार बसवला. डच बाईंची पद्धत वापरायची ठरवलं होतं. मुलीचा विषयच काढला नाही. वाचनालयाचं कौतुक केलं. दसरा नुकताच झाला होता, त्यावरून बोलणं सुरू केलं.

"गेल्या दसऱ्याला म्हणे तुम्ही पूजा फार छान मांडली होती, सर. यंदा साधीच झाली म्हणतात."

चिटणीस खुलले. "गेल्या वर्षी मुद्दाम थाटात केली. त्या मुलीने जाण्याआधी व्याख्यान दिलं होतं ना, केवढा ठेवा आहे म्हणून. म्हटलं, एकदा अल्बमही मांडू चौरंगावर. सभासदांनी पहिल्यांदाच पाहिला. आपट्याची पानं वाटली, सगळे खूश."

"पूजा भटजींनी केली?"

"छे! चिटणीस या नात्याने हळद-कुंकू मीच वाहिलं."

"आणि अल्बम बंद होता की उघडा?"

"उघडा. न्हाव्याचंच पान. लोकांना ते…"

ते थांबले. हवालदाराची लेखणीही थांबली. मास्ट्रिख्टला शिकलेली शांतता मी तिथे तशीच राहू दिली. बाहेर वायरलेसवर कोणीतरी ठाण्याला हाक मारत होतं.

मग मी चित्राचा मोठा केलेला फोटो टेबलावर ठेवला. खालचा उजवा कोपरा. एक पिवळं बोट, एक लाल बोट. चिटणिसांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मी त्या मुलीमुळेच मोहात पडलो," ते शेवटी म्हणाले. "तिने व्याख्यानात सांगितलं, तिकडे याला किती मोल आहे ते. इथे कोण बघतंय हो, साहेब? कपाटात वाळवीच खाणार."

त्या दिवशी पूजेला हजर असलेल्या सभासदांचे जबाब घेतले. सगळ्यांना न्हावी आठवत होता. कलम बदललं, विश्वासघाताचं लागलं. अधीक्षकांनी फाइल वाचून फोनवर एवढंच विचारलं, "वरणाने?" मी म्हटलं, "होय सर, वरणाने."

या केसने मला काय शिकवलं ते सांगतो. फिर्याद हीसुद्धा एक प्रकारचं व्यंगचित्रच असते. फिर्यादी समोरच्याचं एखादं नाक लांब करून काढतो, आणि काढणारा हुशार असेल तर आपल्याला तो चेहरा खराच वाटतो. त्या लंडनच्या चित्रकाराचा मोठेपणा असा की त्याने आरशात आपल्या माणसांनाही काढलं. फिर्यादी तेवढं करत नाही. त्याचा आरसा आपल्याला शोधावा लागतो. त्यानंतर प्रत्येक फिर्याद लिहून घेताना मी समोर बसलेल्या माणसाने आपलं नाक कुठे झाकलंय ते बघायला लागलो. पुष्कळदा सापडलं.

चित्र मुद्देमाल म्हणून ठाण्यात आलं तेव्हा मुलगी सुट्टीवर गावी आली होती. परवाना मिळाला होता, कागदांचं दालन पुन्हा उघडलं होतं. चित्र ओळखण्यासाठी मी तिला बोलावलं. वडीलही बरोबर आले. सडसडीत, इस्त्रीचा शर्ट, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेले. हवालदार पंचनामा लिहीत होता. तिकडून आलेल्या कागदातलं वर्णन तो उतरवू लागला: "उजव्या कोपऱ्यात लाल व पिवळ्या रंगाचे डाग दोन."

"खोड ते," मी म्हणालो. "लिही. उजव्या खालच्या कोपऱ्यात हळदीचं एक बोट व कुंकवाचं एक बोट."

"साहेब, पंचनाम्यात बोट कसं लिहायचं?"

"जसं आहे तसं."

मुलगी वाकून वाचत होती. "साहेब, ते पुसू देऊ नका कोणाला," ती म्हणाली. "आता ते चित्रातलंच आहे." पंच म्हणून आलेल्या एका सभासदाने सही केली, आणि उठताना तिच्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गस्तीवरून परतताना मी वाचनालयासमोर जीप थांबवायला सांगितली. दार उघडं होतं. मुलीचे वडील आपल्या बाकावर पेपर वाचत बसले होते, आणि शेजारचा माणूस आतलं पान मागत होता.